आयव्हरी नाही, पांढरी

माझी मोठी जाऊ चंदा. वर तिचं बिऱ्हाड, खाली माझं. मी तिला ताई म्हणते आणि अगं-तुगं करते, कारण लग्न होऊन आले त्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "अहो-जाहो करशील तर चहा मिळणार नाही." आम्ही दोघी वर्ध्याकडच्या. दोघा भावांच्या सरकारी नोकऱ्यांमागे लखनौला आलो आणि इथल्याच झालो. सब्जीवाल्याशी भांडायचं हिंदीत, आपसात भांडायचं मराठीत, अशी आमची वाटणी आहे. तर सांगायचं हे, की ताईइतकी हट्टी बाई अख्ख्या जानकीपुरमात शोधून सापडायची नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगते, पाठीमागे नाही.

यंदा तिनं एका रंगाच्या नावावरून जे रण माजवलं ते मला सांगायचंय. "मधू, तू तिखटमीठ लावून सांगशील," ती म्हणते. लावीन की! तिखटमिठाशिवाय घास उतरतो का घशाखाली?

ताईला बायकांच्या मासिकांचं वेड. तेही इथं आल्यावर लागलेलं. वर्ध्याची पोर, उन्हाशी सोयरिक, थंडीशी साधी ओळख नाही. लखनौच्या पहिल्या हिवाळ्यात तिची दातखीळ बसायची वेळ आली, तेव्हा शेजारणीनं सांगितलं, अमीनाबादेत जा, लोकर घे आणि 'अवध गृहिणी'चा बुनाई विशेषांक घे. ताईनं दोन्ही आणलं. त्या अंकात स्वेटर घातलेल्या बायकांची चित्रं होती आणि खाली लिहिलेलं, 'दो फंदे सीधे, एक उलटा.' सासूबाई तेव्हा इकडेच होत्या. त्यांनी ताईला ते मोठ्यानं घोकताना ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सूनबाई, नव्या गावात कसल्या फंदात पडली गं तू?" फंदा म्हणजे इथं विणकामातला टाका, हे त्यांना कोण सांगणार? पण म्हणाल्या ते काही खोटं ठरलं नाही. ताई पडली ती पडलीच. हिंदीही ती त्या सुयांवरच शिकली.

मग झाली ती गोष्ट. मी तेव्हा या घरात नव्हते, पण इतक्या तोंडांतून ऐकलीय की मी तिथंच उभी होते असं वाटतं.

'अवध गृहिणी'त एक पान असायचं, 'नई बहू'. वाचकांनी आपल्या लग्नाचा फोटो पाठवायचा, ते छापायचे. ताईला काय हौस आली कोण जाणे, तिनं आपला फोटो पाठवला. याला आमच्याकडे म्हणतात हात दाखवून अवलक्षण. फोटो म्हणजे कसा? बुद्धमूर्तीसमोर ती आणि शामराव भाऊजी, दोघंही पांढऱ्यात. आमच्या बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. आमच्या आज्या दीक्षाभूमीवर पांढरी लुगडी नेसून गेल्या, तेव्हापासून आमच्यासाठी पांढरं म्हणजे नवं, पांढरं म्हणजे मंगल. वर्ध्याला कोणी कधी विचारलं नाही, काहून म्हणून.

फोटो छापून आला. पण 'नई बहू'त नाही. पुढे एक लेख होता, नवरा गेल्यावर एकट्या उभ्या राहिलेल्या बायकांवर. नाव, 'अकेली, पर हारी नहीं'. त्यात मधोमध आमची ताई! पांढरी साडी, खाली घातलेली मान. भाऊजींना कापून काढलेलं, फक्त त्यांचं एक कोपर राहिलेलं काठाला. कोणी मुद्दाम केलं नसेल. तिथल्या माणसानं पांढरी साडी पाहिली आणि त्याच्या डोक्यात एकच अर्थ उमटला, संपलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची बाई पदर सावरत, चेहरा लांब करून दारात आली. दार उघडलं खुद्द भाऊजींनी, बनियनवर, हातात दाढीचा ब्रश. बाई अशी किंचाळली म्हणता! ऑफिसात तर वर्षभर चाललं होतं, "शामरावजी, ऊपर का मौसम कैसा है?" भाऊजी स्वतःही हसायचे. सगळं खानदान हसलं. ताई हसली नाही.

मला तिनं ते एकदाच सांगितलं, मटार सोलताना. "मधू, मी नवरी होते गं त्या फोटोत. आयुष्यात एकदाच होते. आणि त्यांना मी काय दिसले?" ती चौकशीला त्यांच्या ऑफिसातही जाऊन आली होती. तिथला कोणी म्हणाला, "बहनजी, सफ़ेद में थीं, हम कैसे समझते?" त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, की याच मासिकात एक दिवस पांढऱ्या साडीतली नवरी छापून येईल, आणि खाली 'दुल्हन' असंच लिहिलेलं असेल. दुसरी कोणी असती तर मासिक बंद केलं असतं. हिनं चालू ठेवलं. म्हणाली, "लक्ष ठेवायला नको का?"

आणि लक्ष कसलं ठेवलं! पुढे तिला औषध संशोधन केंद्राच्या लायब्ररीत नोकरी लागली. दिवसभर शास्त्रज्ञांची जाडजूड जर्नलं लावायची आणि घरी येऊन हे वाचायचं. मलाही तिनं नादी लावलं. आम्ही दोघी दुपारी अंक पसरून बसायचो आणि मला प्रत्येक वेळी तेच नवल वाटायचं, की हे मासिक बदलतं कोणाच्या सांगण्यावरून? आम्ही तर काही सांगितलं नव्हतं. आधी चित्रं हातानं काढलेली असायची, सगळ्या बायकांच्या माना हरणासारख्या. मग फोटो आले. मग मधल्या घडीतून निघणारा कागदी बेतणीचा नमुना गेला, जो ब्लाउजच्या कापडावर ठेवून ताई थेट कात्री चालवायची. "नमुना गेला म्हणजे आता शिवायचं कसं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आता शिवायचं नाही, बघायचं." खरंच होतं. पूर्वी मासिक सांगायचं, कसं करायचं. मग सांगायला लागलं, कुठून आणायचं. आणि आता नुसतं सांगतं, कोणी घातलंय.

नावाचीही तीच कथा. 'गृहिणी' जुनाट वाटायला लागली म्हणून झालं 'अवध सखी'. सखीही कोणाला तरी जड झाली, म्हणून आता नुसतं 'ए. एस.'. कपड्यांबरोबर नावही आखूड होत गेलं. अर्धं कागदावर येतं, अर्धं मोबाइलवर नाचतं.

ताईनं मात्र करणं सोडलं नाही. इकडचा गळा, तिकडची बाही, तिसरीकडचा घेर, असं जुळवून ती जे शिवायची ते कुठल्याच अंकात नसायचं. अर्ध्या कॉलनीनं तिच्या नकला केल्या. आणि तिनं मनात बाळगलेली खरी गोष्ट होती दीप्तीच्या लग्नाची साडी. दीप्ती तिची मुलगी, नोएडात नोकरी करते, आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. पोरगी अजून कॉलेजात होती तेव्हाच आईचं ठरलं होतं, साडी पांढरी, आणि चिकनकारीची. लखनौत राहून दुसरं काय नेसणार?

चिकनवर नेहमी वेली असतात, कैऱ्या असतात. ताईला हवं होतं पिंपळपान. ते तिला सापडलं कुठं, तर जुन्या बुनाई अंकातल्या एका स्वेटरवर. लोकरीचं बोजड पान होतं ते, ओबडधोबड. तिनं ते कागदावर उतरवलं, देठ लांब केलं, टोक निमुळतं केलं, आणि अमीनाबादेतल्या ठसे कोरणाऱ्याकडून लाकडी ठसा करून घेतला. चिकनचं काम गमतीचं असतं. आधी कापडावर निळ्या रंगानं नक्षी छापतात, तिच्यावर पांढऱ्या धाग्यानं भरतात, मग धुतात. निळं वाहून जातं आणि पांढऱ्यावर पांढरं उरतं. साडी धुऊन आली तेव्हा आम्ही दोघींनी ती खिडकीशी धरली. माय वो! अंगभर पिंपळ सळसळत होता. मी ताईला म्हटलं, "तुझे हात दे इकडे," आणि तिच्या हातांवरून माझे हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. एरवी मी कोणाचं कौतुक करत नाही.

दीप्तीनं आईशी तह केला. "मम्मी, विधि में सफ़ेद, रिसेप्शन में वाइन लहँगा. डील?" ताई म्हणाली, "रिसेप्शनला गोणपाट नेस, मला काय!"

आता इथं येते श्रुती. मानक नगरच्या रेल्वेतल्या इंजिनिअरची, दीनानाथरावांची मुलगी, दीप्तीची कॉलेजातली मैत्रीण. चांगलं मराठी बोलते, आम्हाला काकू म्हणते. आणि नोकरीला कुठं, तर 'ए. एस.'मध्ये! साडी पाहून ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, "काकू, आमच्या ब्राइडल अंकात खऱ्या नववधूंचं एक पान असतं. या वेळी ते पहिल्यांदा माझ्याकडे आलंय. दीप्तीचं लग्न मी छापणार." ताईच्या हातातला पेला तसाच राहिला. इतकी वर्षं ज्या मासिकावर डोळा ठेवून बसली, तेच घर शोधत तिच्या सोफ्यावर येऊन बसलं होतं.

लग्न छान झालं. दीप्ती त्या साडीत अशी दिसत होती की मी दोनदा रडले आणि दोन्ही वेळा सर्दीवर ढकललं. श्रुतीच्या माणसानं फोटो काढले. मग काही दिवसांनी तिनं पान तयार करून ताईच्या मोबाइलवर पाठवलं.

ताई जिना उतरून माझ्याकडे आली ती चष्मा हातात घेऊन. "मधू, तू वाच. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

मी वाचलं. फोटोवर मोठ्या अक्षरांत, 'आइवरी में सजी अवध की दुल्हन'. आणि साडीचा रंगही कंप्युटरवर जरा पिवळट केलेला. ताई म्हणाली, "ही माझी साडी नाही. ही हळद घातलेल्या दुधात पडलेली साडी आहे."

श्रुतीला फोन लावला. ती बिचारी गयावया करायला लागली. "काकू, समोरच्या पानावर दागिन्यांची जाहिरात आहे. नवरीला सफ़ेद म्हटलं तर ते लोक नाक मुरडतात. सगळीकडे आयव्हरी चाललंय सध्या. रंग तोच आहे नं, फक्त नाव वेगळं."

"असं?" ताई म्हणाली. "मग पानावर तुझं नाव 'पिंकी' छापू दे. मुलगी तीच आहे."

मी मध्ये पडले. म्हटलं, ताई, दुल्हन लिहिलंय ना? नवरी दिसतेय ना? घे पदरात पाडून. आयव्हरी तर आयव्हरी. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मीच तो फोटो कापला होता. "अगं, म्हणजे त्यांचं अजून तेच चाललंय," ती म्हणाली. "तेव्हा पांढरं दिसलं आणि नवरी दिसली नाही. आता नवरी दिसली म्हणून पांढरं पुसलं. दोन्ही एका ठिकाणी ठेवायला यांचा हात काहून कापतो?"

मग मीच श्रुतीला कळवलं, उद्या आम्ही येतोय. 

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हजरतगंजच्या मागं त्यांच्या ऑफिसात. संपादक सत्यजित म्हणून, अर्धे पिकलेले केस, बोलणं अस्सल लखनवी. "आइए, तशरीफ़ रखिए, चाय लेंगी?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? पण ताईनं चहा घेतला आणि भांडलीही. आधी तिनं 'अकेली, पर हारी नहीं'ची सगळी गोष्ट सांगितली. सत्यजितजी ऐकताना कप टेबलावर ठेवायला विसरले. मग म्हणाले, "वह हमसे पहले की बात है, लेकिन पत्रिका तो यही है. हम माफ़ी चाहते हैं."

"माफ़ी नहीं चाहिए," ताई म्हणाली, "रंग चाहिए."

ते हसले, मग कचरले. जाहिरातदार आहेत, वाचक आहेत, काही लोक अपशकुन मानतात. 'पर्ल' चालेल का? 'मोतिया'? ताईनं विचारलं, "आपके लखनऊ का चिकन किस रंग का होता है?" ते म्हणाले, "सफ़ेद." "तो मेरी बेटी के बदन पर आते ही आइवरी कैसे हो गया?"  ताई उठून उभी राहिली. "सफ़ेद नहीं लिख सकते तो फ़ोटो निकाल दीजिए. पूरा पन्ना निकाल दीजिए."

 मी तिला टेबलाखालून चिमटा काढला, तिनं माझ्या हातावर चापट मारली. इतक्या वर्षांची आस, आणि बाई तोंडाशी आलेला घास स्वतःच्या हातानं परत ठेवतेय! श्रुती कोपऱ्यात उभी होती, तिचा चेहरा पडलेला. तिचं पहिलं पान हातचं चाललं होतं. मला वाटलं, ती आता ताईला विनवणार. पण ती वळली संपादकांकडे. म्हणाली, "सर, इस महीने हर मैगज़ीन में आइवरी है. सफ़ेद किसी के पास नहीं है."

सत्यजितजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "बैठिए," ते म्हणाले. "एक बात बताइए. सफ़ेद ही क्यों?" आणि त्यांनी ते वेळ मारून न्यायला विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. खुर्ची पुढे ओढून, लहान मुलासारखे. ताईनं सांगितलं, आज्यांचं, दीक्षाभूमीचं, विहारात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात कसे बसतात त्याचं. ते मध्येच विचारायचे. कुंकू लावता का? हळद असते का? नवरा पांढऱ्यात कुरकुर करत नाही का? ताई सांगत गेली, दुसरा चहा आला. शेवटी त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "आप ही लिख दीजिए. विज्ञापन को हम दूसरी जगह बिठा देंगे." ताईनं लिहिलं, 'हमारे यहाँ दुल्हन सफ़ेद पहनती है. यही हमारे शगुन का रंग है.' त्यांनी एक अक्षर बदललं नाही.

अंक आला. पांढरी ती पांढरीच होती, नवरी ती नवरीच होती. ताईनं तो सब्जीवाल्या भैयालासुद्धा दाखवला. मोबाइलवर लोकांनी चांगलंही लिहिलं आणि वाईटही. कोणी अपशकुन म्हणालं, कोणी जातीवर गेलं. मी दोघा-तिघांना असं उत्तर लिहिणार होते की त्यांची सात पिढ्यांची उतरली असती, पण ताईनं मोबाइल काढून घेतला. ती खूश होती. इतकी खूश मी तिला दीप्तीच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मग आठवडाभरानं एका दुपारी फोन आला. श्रुतीनं आधी विचारलं होतं, एक बाई मासिकाच्या ऑफिसात तुमचा नंबर मागतेय, देऊ का? ताईनं दे म्हटलं होतं. ताईचे हात कणकेत होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. बाई सीतापूरकडची होती, बोलणं हळू, कोणी ऐकू नये अशा बेतानं. आधी साडीची तारीफ केली. पिंपळाचं पान ओळखलं तिनं. मग म्हणाली,

"एक बात पूछें? बुरा तो न मानिएगा?"

"पूछिए," ताई म्हणाली.

"आपके यहाँ दुल्हन सफ़ेद पहनती है. तो विधवा क्या पहनती है?"

मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडका उडणार. या एका शब्दानं तिच्या लग्नाचा फोटो खाल्ला होता, सगळं आयुष्य ती त्या शब्दापासून आपली साडी सोडवत होती. आणि तो तिच्याच स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला होता, तोही तिनंच छापून आणलेल्या पानाचं बोट धरून.

ताईच्या हातातली कणीक परातीत पडली. ती म्हणाली, "जो मन करे."

"मतलब?"

"मतलब, जो रंग अच्छा लगे. लाल, पीला, कोई भी."

"कोई टोकता नहीं?"

"नहीं."

 फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. मग ती म्हणाली, "हमको हरा अच्छा लगता था."

ताईच्या डोळ्यांना धार लागली. मी इतकी वर्षं तिच्यासोबत राहतेय, मला वाटायचं ती फक्त कांद्याला रडते. तिनं कणकेच्या हातानंच फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "कौन-सा हरा, बहनजी? कोवळ्या भाताचा... माने, धानी? कि पोपटी, तोतई?"

"रुकिए," ती बाई म्हणाली. "याद करके बताते हैं."